दिवाळीत नेपाळ: पोखऱ्याला दोन रात्री पुरतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या सुट्टीत सहाजण नेपाळला निघाला आहात. तुम्ही दोघं, ७२ आणि ६८ वर्षांचे आई-बाबा, १६ वर्षांचा मुलगा आणि ९ वर्षांची मुलगी. हातात सात रात्री. काठमांडू तीन, चितवन दोन, पोखरा दोन, आणि त्या दोनमध्येच पोखऱ्याहून एका दिवसात मुक्तिनाथ, हे डोंगरातलं विष्णूचं देवस्थान, उरकायचं, कारण बाबांची ती फार वर्षांची इच्छा आहे. एवढ्यात जमेल का, आणि काठमांडू-पोखरा गाडीने करावं की विमानाने, असं विचारलंय.

नाही जमणार. मी पुण्यातून वर्षानुवर्षं नेपाळला ग्रुप घेऊन जातो, आणि हा असाच बेत दर दिवाळीला कुणी ना कुणी समोर ठेवतं. पोखऱ्यात जे बघायला माणूस एवढ्या लांब जातो ती हिमशिखरं सकाळी दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या चांगल्या दिवसांतही उजाडल्यापासून साधारण नऊ-दहापर्यंत डोंगर मोकळे असतात. मग खालून ढग चढायला लागतात, आणि दुपारी दोनला उत्तरेकडे पाहिलं तर तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही. संध्याकाळी कधी उघडतं, कधी नाही. त्यामुळे पोखऱ्याचा हिशेब सकाळींवर करायचा. तुमच्या बेतात सकाळी दोनच. एक जाणार मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोम गावच्या विमानात, कारण ती विमानंही सकाळीच उडतात. दुसरी परतीच्या गडबडीत. हातात उरलं शून्य, आणि घरी येऊन सांगायचं, ‘पोखरा ठीक आहे, तलाव आहे, बाजार आहे.’

एवढा अट्टहास कशासाठी, तेही सांगतो. पोखरा शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ८०० ते ९०० मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा बरंच खाली. आणि तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर माछापुच्छ्रे ६,९९३ मीटर. मध्ये दुसरी कुठली मोठी रांग आडवी येत नाही. सिमला, मसुरी, नैनिताल इथून हिमालय दिसतो तो क्षितिजावरची पांढरी रेघ म्हणून. पोखऱ्यात तो डोक्यावर येतो. पहिल्यांदा गेलेली माणसं डोंगर शोधताना नजर हमखास खाली ठेवतात, ढगाच्या पातळीला, आणि शिखर त्याच्याही वर असतं. ग्रुपमधल्या प्रत्येकाला हनुवटी वर करायला सांगावं लागतं.

माछापुच्छ्रे जवळ असल्यामुळे तेच सगळ्यांत उंच वाटतं, पण तसं नाही. त्याच्या डावीकडे अन्नपूर्णा साऊथ ७,२१९ मीटर, उजवीकडे अन्नपूर्णा ३, ४ आणि २, त्यातलं २ नंबरचं ७,९३७ मीटर. खुद्द अन्नपूर्णा १ हे ८,०९१ मीटरचं. १९५० साली फ्रेंच गिर्यारोहक त्यावर पोचले, आणि आठ हजार मीटरवरचं माणसाने चढलेलं ते पहिलं शिखर. माछापुच्छ्रेवर मात्र अधिकृतपणे कुणी चढलेलं नाही. १९५७ मध्ये एक ब्रिटिश तुकडी टोकापासून दीडशे फुटांवर पोचली आणि तिथूनच फिरली, कारण शिखर पवित्र मानलं जातं आणि माथ्यावर पाय न ठेवण्याचं कबूल केलेलं होतं. नंतर ते चढाईसाठी बंदच झालं. माछापुच्छ्रे या नावाचा अर्थच माशाची शेपटी, म्हणून मुलं विचारतील, ‘माशाची शेपटी कुठेय?’ पोखऱ्यातून ती दिसत नाही, एकच टोकदार सुळका दिसतो. दुभंगलेलं टोक पश्चिमेकडून, अन्नपूर्णा बेस कॅम्पच्या बाजूने दिसतं. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर चुकीचा डोंगर दाखवला म्हणून तुमच्यावरच आळ येतो.

आता बेत. सात रात्रीच धरून मी असा लावेन. पहिल्या दिवशी मुंबईहून काठमांडू, मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी पशुपतिनाथ, दुपारच्या विमानाने पोखरा. तिथे दोन रात्री. चौथ्या दिवशी सकाळच्या विमानाने जोमसोम, मुक्तिनाथ दर्शन, रात्री जोमसोमलाच. पाचव्या दिवशी सकाळी परत पोखरा, आणि पुन्हा दोन रात्री. सातव्या दिवशी उन्हं चढल्यावर काठमांडू, दुपारी बौद्धनाथ-स्वयंभूनाथ, मुक्काम, आठव्या दिवशी घर. चितवन गळालं. मुलांना गेंडा बघायचा असेल तर त्यासाठी वेगळी सहल करा. तराईतली दोन दिवसांची जंगल सफारी आणि मुक्तिनाथ एका आठवड्यात कोंबलं की दोन्हीकडे निव्वळ सामान चढवणं-उतरवणं होतं.

या मांडणीतली गोम अशी की जोमसोमचं विमान चौथ्या दिवशी रद्द झालं (आणि ते होतं, वरचेवर होतं) तर पाचवी सकाळ हाताशी असते. मुक्तिनाथ शेवटी ठेवलेल्या लोकांना ही सोय नसते. ते विमानतळावर बसून मुंबईच्या तिकिटाकडे बघत राहतात.

गाडी की विमान? काठमांडू-पोखरा पृथ्वी राजमार्ग २०० किलोमीटरचा. नकाशात बघून ‘पाच तास’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. रुंदीकरण, ट्रकांच्या रांगा, मुग्लिंगचा खोळंबा हे धरून सात ते नऊ तास लागतात, सणाच्या दिवसांत जास्तच. विमान अर्ध्या तासात पोचवतं. जाताना उजव्या हाताच्या खिडक्या मागून घ्या, सगळी रांग त्या बाजूला असते, येताना डाव्या.

तुमच्या सौभाग्यवतींना विमानाची धास्ती आहे असं लिहिलंय. धास्ती निराधार नाही. १५ जानेवारी २०२३ ला काठमांडूहून आलेलं विमान पोखऱ्याला उतरता उतरता कोसळलं आणि ७२ माणसं गेली. नवा विमानतळ सुरू होऊन तेव्हा पंधरवडाच झाला होता. पण रस्त्याचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये याच पोखरा-काठमांडू रस्त्यावर तनहुँ जिल्ह्यात भाविकांची बस मर्स्याङ्दी नदीत कोसळली. त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातली, भुसावळ-वरणगावकडची कितीतरी माणसं गेली. ते दिवस पावसाळ्याचे होते. ‘हे सुरक्षित, ते धोक्याचं’ असं मी कुणाला सांगत नाही. मी स्वतः पावसाळ्यात ग्रुप नेत नाही, रात्रीचा घाटप्रवास ठेवत नाही, आणि सत्तरीच्या माणसांना नऊ तास बसवत नाही. या तीन नियमांतून तुमच्यासाठी विमान उरतं. तरीही गाडीच हवी असेल तर पहाटे निघा आणि वाटेत कुरिनटारला मनकामना देवीची केबल कार घ्या, म्हणजे पाठ मोकळी होते. त्या देवीला बळी देतात. केबल कारमध्ये बकऱ्यांसाठी वेगळं तिकीट असायचं आणि ते फक्त जाण्याचं, ही गोष्ट आईंना वर पोचायच्या आधी सांगा किंवा मुळीच सांगू नका.

गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाऊन सुनौलीमार्गे शिरण्याचा एक मार्ग आहे. स्वस्त पडतो, लुंबिनीही होते. पण भैरहवा-तानसेन-पोखरा हा रस्ता वळणांचा आहे आणि ज्याला गाडी लागते त्याचा पहिला दिवस त्यातच जातो. तुमच्या सात रात्रींत तो बसत नाही.

पोखऱ्यात उतरायचं कुठे? सगळे लेकसाइडला, म्हणजे बैदामला राहतात; हॉटेलं, दुकानं, खाणं तिथेच. पण बुकिंगच्या पानावरचं ‘लेक व्ह्यू’ आणि ‘माउंटन व्ह्यू’ या दोन वेगळ्या दिशा असतात. लेकसाइडच्या मुख्य रस्त्यावरून फेवाताल, म्हणजे पोखऱ्याचा तलाव, पश्चिमेला, पलीकडे राणीवनची हिरवी टेकडी. शिखरं उत्तरेला, आणि तिकडे सारंगकोटची धार आणि पुढची हॉटेलं थोडीफार आड येतात. डोंगर नीट दिसायला दक्षिणेकडची डॅमसाइड, म्हणजे पार्दीचा भाग बरा. माझा रिवाज असा: खोलीच्या खिडकीचा हट्ट धरायचा नाही, गच्ची कुठल्या बाजूला उघडी आहे ते फोनवर विचारायचं आणि लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का हेही. आईंच्या गुडघ्यांना हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

पहिली मोकळी सकाळ सारंगकोटला द्या. उंची जवळजवळ १,६०० मीटर, साधारण कळसूबाईएवढी, पण गाडी वरपर्यंत जाते आणि शेवटी थोड्या पायऱ्या. टॅक्सी आदल्या संध्याकाळी ठरवा, जाऊन-येऊन आणि थांबण्याचं मिळून एकच भाडं बोलून घ्या. पहाटे पाचच्या सुमारास निघायचं. केबल कारही आहे, तलावाकडच्या सेदीहून वर जाते. पण सूर्योदयाला टॅक्सीच बरी, केबल कार दिवसा मुलांसाठी ठेवा.

वर गेल्यावर एक गंमत पाहाल. शंभर-दोनशे माणसं पूर्वेकडे मोबाइल धरून उभी असतात, कारण सूर्य तिकडून येणार. सूर्य काय, पुण्यातही उगवतो. तुम्ही उत्तरेकडे तोंड करून थांबा. आधी सगळी रांग राखाडी, सपाट, कापून चिकटवल्यासारखी. मग सगळ्यांत उंच टोकांवर एक फिकट गुलाबी ठिपका येतो, पश्चिमेला लांब धौलागिरीवर, मग अन्नपूर्णा साऊथवर. तो ठिपका खाली ओघळायला लागतो, गुलाबीचा केशरी होतो, आणि उजेड उतरेल तसतशा डोंगराला घड्या पडत जातात. जिथे सपाट भिंत वाटत होती तिथे कडे, दऱ्या, हिमनद्या दिसायला लागतात. हे सगळं वीस-पंचवीस मिनिटांत. पूर्वेकडचा सूर्य वर येईपर्यंत खरा कार्यक्रम संपलेला असतो. वर थंडी वाजते, स्वेटर आणि कानटोपी घ्या. खाली शहरात त्या दिवसांत एका स्वेटरवर भागतं.

दुसरी मोकळी सकाळ तलावाची. होडी दुपारी घेणारे बहुतेक, आणि दुपारी फेवातालावर वारा सुटतो. पाणी शहारलं की प्रतिबिंब गेलं. सकाळी साडेसहा-सातला बाराही घाटावर जा. काउंटरवर दर लिहिलेले असतात, घासाघीस नाही. वल्हवणारा माणूस घेऊन तासाच्या हिशेबाने होडी घ्या, लाइफ जॅकेट सगळ्यांना चढवा. बेटावरचं तालबाराहीचं देऊळ, दुमजली पॅगोडाचं, पाच-दहा मिनिटांवर. तिथे शनिवारी जाऊ नका. नेपाळात सुट्टी शनिवारची, आणि सगळं पोखरा त्या दिवशी देवीला येतं. देवळापासून होडी दक्षिणेकडे थोडी पुढे काढायला सांगा आणि मग मागे वळून पाहा. शिखर पाण्यात उलटं उभं असतं ते इथून, किनाऱ्यावरच्या कॅफेतून नाही.

शांती स्तूप पलीकडच्या टेकडीवर. होडीने उतरून जंगलातून चढायला पाऊण-एक तास लागतो. मुलगा आणि तुम्ही चढा. आई-बाबांना टॅक्सीने रस्त्याने आणा, तरी शेवटी पायऱ्या आहेतच. तिथून सबंध तलाव, शहर आणि मागे रांग एका नजरेत येते. त्याच रस्त्याने पुढे पुम्दीकोटची मोठी शंकराची मूर्ती. बाबांना आवडेल. मला विचाराल तर स्तूपाचं आवार जास्त शांत.

दुपारसाठी भरपूर आहे, कारण दुपारी डोंगर दिसत नाहीतच. यादीत सगळे डेव्हिस फॉल म्हणजे पाताले छाँगो लिहितात. फेवातालाचं बांधावरून सुटलेलं पाणी तिथे जमिनीत गडप होतं. पावसाळ्यात धडकी भरवणारं, दिवाळीपर्यंत बऱ्यापैकी, उन्हाळ्यात नळ गळतोय असं. रस्त्यापलीकडे गुप्तेश्वर महादेवाची गुहा, तिच्या खालच्या टोकाला तेच पाणी फटीतून पडताना दिसतं. पायऱ्या ओल्या आणि बऱ्याच, आईंनी वरच बसावं.

यादीत शेवटी असणारी आणि माझ्या मते पहिली असावी अशी जागा म्हणजे सेती नदीची घळ. के. आय. सिंह पुलावर उभं राहून कठड्यावरून खाली वाका. आधी फक्त आवाज येतो, खोलवरून, घुमणारा. मग डोळे सरावल्यावर खाली अंधारात दुधाळ पांढरं पाणी पळताना दिसतं. भर शहरात, दोन्हीकडे दुकानं आणि मधोमध ही खोल चीर, काही ठिकाणी जेमतेम काही मीटर रुंद. पांढरेपण चुनखडीच्या गाळाचं. मध्ययुगात अन्नपूर्णेच्या कुशीतून प्रचंड राडारोडा वाहून आला आणि ही सबंध दरी त्याने भरली. बाजूच्या ओढ्यांची तोंडं त्याने अडवली, तेच आजचे फेवा, बेगनास, रूपा हे तलाव. शहर वसलंय ते या भरावावर, आणि नदी तोच भराव चिरत खाली चाललीय. मुलगा दहावी-अकरावीत असेल, भूगोलाच्या पुस्तकात दहा पानांत जे कळत नाही ते या पुलावर दहा मिनिटांत कळतं. ही नदी अजूनही निमूट नाही: मे २०१२ मध्ये निरभ्र दिवशी अचानक पूर आला आणि वरच्या अंगाची अनेक माणसं वाहून गेली. काठावर उतरून फोटो काढायच्या भानगडीत पडू नका.

पाऊस आला तर, आणि पोखऱ्यात तो कधीही येऊ शकतो, कारण हे नेपाळातल्या सर्वांत पावसाळी शहरांपैकी एक, कोकणासारखं, आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालयात जा. आई-बाबांना एक निवांत दुपार हवी असेल तर बेगनासताल, पूर्वेला पंधराएक किलोमीटर. गर्दी नाही, होडी आहे, मासे ताजे. मुलाला पॅराग्लायडिंग करायचंच असणार. सारंगकोटच्या कड्यावरून पायलटसोबत, उतरायचं तलावाच्या काठी. नोंदणी असलेली कंपनी आणि विमा बघून घ्या, सकाळी उशिराची वेळ घ्या, आणि पायलट ‘आज वारा बरा नाही’ म्हणाला तर हुज्जत घालू नका.

आता मुक्तिनाथ, जो तुमच्या सहलीचा खरा कणा आहे. पोखऱ्याहून जोमसोम वीसेक मिनिटांचं उड्डाण, छोट्या विमानातून, अन्नपूर्णा आणि धौलागिरी यांच्या मधल्या काली गण्डकीच्या दरीतून. दहा-अकरानंतर त्या दरीत वारा असा सुटतो की विमानं बंद होतात, म्हणून सगळा खेळ सकाळचा. तिकिटं सणात लवकर संपतात, सगळ्यांत आधी तीच काढा. जोमसोम २,७२० मीटर. तिथून जीपने राणीपौवा तास-दीड तास, आणि देऊळ ३,७०० मीटरच्या वर. गाडी थांबते तिथून चढ आणि पायऱ्या, हळूहळू चाललं तर अर्धा तास. घोडा, डोली मिळते. बाबांनी अभिमान बाजूला ठेवून घोडा घ्यावा.

मंदिरामागे १०८ धारा, गोमुखातून पडणारं बर्फाचं पाणी, पुढे दोन कुंडं. बाबांना सगळ्या धारांखालून धावायचं असेल. त्यांना ब्लड प्रेशर आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून स्पष्ट सांगतो: स्नान नको. प्रत्येक धारेचं पाणी हाताने डोक्यावर शिंपडलं तरी चालतं, बरीच वयस्क मंडळी तसंच करतात. शेजारी ज्वालामाईच्या देवळात खडकातून निघणारी नैसर्गिक वायूची ज्योत आहे, ती चुकवू नका. तिथली देखभाल बौद्ध भिक्षुणी करतात, आणि मुक्तिनाथच्या विष्णूच्या देवळात हिंदू आणि बौद्ध अशी दोन्ही धर्मांची माणसं सारख्याच श्रद्धेने येतात.

वर मुक्काम करायचा नाही, हा माझा दंडक. ८०० मीटरवरून एका दिवसात ३,७०० वर गेल्यावर शरीर कुरकुरतंच. दर्शन करून दुपारी खाली जोमसोमला उतरायचं, झोपायचं तिथे. डोकं दुखणं, मळमळ, तोल जाणं यातलं काही दिसलं तर दर्शन राहिलं तरी चालेल, जीप खाली वळवायची. निघण्याआधी बाबांच्या डॉक्टरांना ही उंची आकड्यानिशी सांगा. ‘नेपाळला चाललोय’ एवढं ऐकून डॉक्टर ‘जा की’ म्हणतात. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं, व्हॉट्सअॅप ग्रुपने नाही.

परतीचं विमान रद्द झालं तर जीप हा पर्याय असतो, पण बेनीपर्यंतचा रस्ता खडखडाटी, पोखऱ्याला पोचायला आठ-दहा तास धरा. एवढं ओझं बाबांवर टाकण्यापेक्षा जोमसोमला आणखी एक रात्र काढणं बरं. वाटेत मार्फाची सफरचंदं त्याच मोसमात येतात, मुलांना खिसे भरून घेऊ द्या. रस्त्याच्या कडेला चकचकीत काळे शाळिग्राम विकतात, ते घेऊ नका.

या भागासाठी अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो. सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी रुपये, म्हणजे आपले ६२५, कारण दर १ भारतीय रुपयाला १.६० नेपाळी असा बांधलेला आहे. पोखऱ्यातच मिळतो, सोबत पासपोर्ट साइजचे फोटो ठेवा.

दिवाळीचं म्हणाल तर नेपाळात तेव्हा तिहार असतो. कावळ्याचा एक दिवस, मग कुत्र्याचा. त्या दिवशी गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांच्याही गळ्यात झेंडूच्या माळा आणि कपाळावर टिळा. तुमची मुलगी त्या दिवशी तलावाकडे बघणारच नाही. लक्ष्मीपूजनाला लेकसाइड दिव्यांनी भरतं, पोरं दारोदार देउसी-भैलो गात फिरतात, त्यांना सुट्टे पैसे द्या. मात्र भाऊबीज, म्हणजे तिथली भाइटीका, हा दिवस प्रवासासाठी आखू नका. ड्रायव्हर, वेटर, होडीवाले सगळे बहिणीकडे गेलेले असतात. त्या दिवशी पोखऱ्यातच राहा आणि जेवणाची सोय हॉटेलात आधी सांगून ठेवा. तुमच्या तारखांत तो दिवस कुठे पडतो ते बघून वरचा बेत एक दिवस पुढे-मागे सरकवा.

खाण्याची काळजी नको. थकाली थाळी मागा: भात, जिंबू या डोंगरी सुवासिक पाल्याची फोडणी दिलेली डाळ, पालेभाजी, लोणचं, आणि वाढतच राहतात. नाचणीचा ढिंडो एकदा खाऊन बघा. मोमो घेताना व्हेज आहे ना हे नीट विचारा. ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस.

कागदपत्रांत सोळा वर्षांच्या मुलाचा मुद्दा सगळे विसरतात. तुम्हा दोघांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल, विमानाने जाताना आधार चालत नाही. ६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्यांना वय दाखवणारं दुसरं फोटो ओळखपत्र चालतं. मुलगा या दोन्हींत बसत नाही. त्याचा पासपोर्ट काढा, किंवा ठरलेल्या नमुन्यातलं मुख्याध्यापकांचं पत्र घ्या. पासपोर्ट काढलेला बरा, तो पुढेही उपयोगी पडेल.

पैशांसाठी शंभरच्या भारतीय नोटांची चळत न्या, मोठ्या नोटांच्या भरवशावर राहू नका. २०२४ पासून नेपाळातल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, पण टॅक्सी, होडी आणि जोमसोमकडे रोखच लागते. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. तिकिटावरची वेळ नेपाळी असते.

आधी जोमसोमची तिकिटं, मग काठमांडू-पोखरा, मग मुंबईचं, हॉटेलं सगळ्यांत शेवटी, या क्रमाने चला. चितवनच्या रिसॉर्टला आगाऊ रक्कम भरली असेल तर फुकट रद्द करण्याची मुदत कधी संपते ते आजच बघा.